मूल झालं नाही, तरी लग्न अपुरं नाही: तपासण्यांपासून दत्तकाच्या आदेशापर्यंत

वसईतल्या कॅथलिक घरांत मूल न होण्याचा विषय निघाला की ख्रिस्तसभेच्या (कॅथलिक चर्चच्या) शिकवणीतलं एकच वाक्य ऐकू येतं: "आपल्यात टेस्ट ट्यूब बेबी चालत नाही." वाक्य खरं आहे. पण त्याच्या आधी आणि नंतरही जोडप्यांसाठी बरंच काही सांगितलेलं आहे, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. लग्नाबद्दल, उपचारांबद्दल, थांबण्याबद्दल, दत्तकाबद्दल. आम्ही दोघं २०१६ ते २०२५ या काळात यातून गेलो. गोष्टी ज्या क्रमाने समोर आल्या त्याच क्रमाने लिहिते आहे, म्हणजे नव्याने या वाटेवर आलेल्यांना पुढचं थोडं दिसेल.

पहिली सूचना क्रमाबद्दलच. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्याआधी, निदान त्याच आठवड्यात, आपल्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) फादरांना भेटा. एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नीचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत राहिले नाहीत, की डॉक्टर तपासण्या सुरू करतात. तिथून पुढे निर्णय फार भराभर घ्यावे लागतात, तेही काउंटरवर उभं राहून आणि पॅकेजचा कागद हातात धरून. काय चालतं आणि काय नाही हे तेव्हा पहिल्यांदा विचारायला घेतलं तर फार उशीर झालेला असतो.

फादरांनी सुरुवात लग्नापासून केली, आणि ते योग्यच होतं. घरात तोवर एका काकूंनी "हे लग्न चर्चमधून रद्द करून मिळतं म्हणे" असं सुचवून झालं होतं. असं ऐकावं लागणाऱ्या प्रत्येकीने हे नीट समजून घ्यावं. ख्रिस्तसभेच्या कायद्यातलं (कॅनन लॉमधलं) कलम १०८४ दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या करतं. शरीरसंबंध ठेवण्याचीच असमर्थता लग्नाच्या आधीपासून असेल आणि कायमची असेल, तर लग्न मुळातच अवैध ठरतं. त्याबद्दल शंका असेल तर मात्र लग्न अडवताही येत नाही आणि अवैध म्हणून जाहीरही करता येत नाही. वंध्यत्वाबद्दल तेच कलम सांगतं की त्याने लग्नाला मनाई होत नाही आणि लग्न अवैधही ठरत नाही. म्हणूनच पाळी गेलेल्या विधवेचंही चर्चमध्ये विधिवत लग्न लागतं. अपवाद फसवणुकीचा, कलम १०९८चा. आपल्याला मूल होणार नाही हे एकाला पक्कं ठाऊक होतं आणि होकार मिळवण्यासाठी त्याने ते मुद्दाम लपवलं, असा दावा असेल तर चर्चचं न्यायमंडळ प्रकरण तपासतं. म्हणून लग्न ठरलेल्यांना कळकळीने सांगते: गर्भाशय काढलेलं असेल, कर्करोगाचे उपचार झाले असतील, अंडकोषांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर साखरपुड्याआधी जोडीदाराला सांगा. सांगून केलेल्या लग्नाला कसलीही बाधा नाही.

हे नुसतं कायद्याचं कलम नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'गाऊदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात (परिच्छेद ५०) म्हटलं आहे की लग्न केवळ प्रजोत्पादनासाठी स्थापलेलं नाही. मुलाची तीव्र ओढ असूनही मूल झालं नाही तरी ते आयुष्यभराचं पूर्ण सहजीवन असतं, त्याचं मोल आणि त्याची अतूटता तशीच राहते. 'तात्पुरतं अपूर्ण' अशी कुठलीही श्रेणी त्यात नाही. आम्हाला हे सुरुवातीलाच कळलं याचा पुढच्या प्रत्येक टप्प्यावर उपयोग झाला. उपचार लग्न वाचवण्यासाठी चाललेले नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

उपचारांबद्दल फादरांनी १९८७च्या 'दोनुम विते' आणि २००८च्या 'दिग्नितास पर्सोने' या व्हॅटिकनच्या दोन दस्तऐवजांतली कसोटी सांगितली: पतिपत्नीच्या मीलनाला मदत करणारा उपचार चालतो, मीलनाची जागाच घेणारा चालत नाही. या कसोटीवर वैद्यकशास्त्राचा बराच मोठा भाग परवानगीत येतो, आणि हे फारच थोड्यांना माहीत आहे. संप्रेरकांची औषधं, अंडं तयार होण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे उपचार, एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराची) शस्त्रक्रिया, बंद गर्भनलिका उघडणं किंवा दुरुस्त करणं, पुरुषाच्या व्हेरिकोसीलची (अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरांची) शस्त्रक्रिया, सोनोग्राफीने अंडं फुटण्याचा दिवस काढून त्या दिवसांत एकत्र येणं, हे सगळं चालतं. वंध्यत्व कमी करण्याच्या संशोधनाला तर धर्मशिक्षणग्रंथ, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ (परिच्छेद २३७५), प्रोत्साहनच देतो.

आम्ही सुरुवात तक्त्याने केली. बिलिंग्ज पद्धत शिकवणाऱ्या बाई धर्मप्रांताच्या कुटुंब विभागातून मिळाल्या, खर्च वही-पेनाचा. योनीतून येणाऱ्या स्रावाची रोजची नोंद ठेवायची: कोरडं, चिकट, मग कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं. त्या शेवटच्या प्रकारचा अखेरचा दिवस हा सर्वांत सुपीक दिवसांपैकी. सोबत सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तापमान घेतलं तर अंडं सुटल्यावर ते साधारण ०.२ अंश सेल्सिअस किंवा थोडं अधिक वाढून तसंच टिकलेलं दिसतं. हा तक्ता पुढे डॉक्टरांच्या टेबलावर फार कामाला येतो. प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी सगळीकडे '२१व्या दिवशी' लिहून देतात. तो हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा. तपासणी अंडं सुटल्यानंतर साधारण सात दिवसांनी व्हायला हवी. पाळी ३५ दिवसांची असेल तर तो दिवस २८व्याच्या आसपास येतो, आणि २१व्या दिवशी रक्त दिलं तर 'अंडं तयारच होत नाही' असा चुकीचा निष्कर्ष हातात पडतो. तक्ता दाखवून तारीख बदलून घ्या, चांगले डॉक्टर लगेच बदलतात.

एएमएचबद्दलही इथेच सांगते. या तपासणीवरून अंड्यांचा शिल्लक साठा किती याचा अंदाज येतो, ती अंडी कशा प्रतीची आहेत हे समजत नाही. आकडा कमी आला की थेट आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची, घाई केली जाते. आकडा कमी असलेल्या बायकांनाही नैसर्गिकरीत्या दिवस राहतात. कागदावरचा एक आकडा बघून त्याच दिवशी सही करू नका.

पतीची तपासणी सगळ्यात आधी करावी, कारण ती सगळ्यात स्वस्त आणि बिनत्रासाची. आमच्याकडे उलटं होतं; बाईच्या दहा तपासण्या झाल्या की मग पुरुषाची आठवण येते. पण कॅथलिक जोडप्याची अडचण इथेच सुरू होते. प्रयोगशाळेत नमुना हस्तमैथुनाने घ्यायला सांगतात, आणि ख्रिस्तसभा ते तपासणीसाठीही मान्य करत नाही. पुष्कळजण इथेच गप्प बसतात किंवा तपासणीच टाळतात. दोन्हीची गरज नाही, कारण वेगळी पद्धत आहे: नमुना गोळा करण्यासाठीचं खास सिलिकॉनचं आवरण. मेडिकलमध्ये मिळणारे साधे निरोध लॅटेक्सचे असतात आणि त्यांवरच्या रसायनांनी शुक्राणू मरतात, म्हणून ते चालत नाहीत. या आवरणाला वापरण्याआधी सुईने बारीक भोक पाडायचं. त्यामुळे काही वीर्य योनीत जातं, मीलन मीलनच राहतं, गर्भधारणेला खुलं राहतं. उरलेला नमुना प्रयोगशाळेच्या डबीत ओतायचा.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि वाटेत शरीराच्या तापमानाला राहिला पाहिजे, म्हणजे डबी शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवायची. एसी टॅक्सीत किंवा बाइकच्या डिकीत ठेवली की हालचाल मंदावते आणि अहवाल विनाकारण वाईट येतो. प्रयोगशाळा घरापासून जवळची निवडा, तिथे आदल्या दिवशी फोन करून "नमुना घरून आणणार आहोत, किती वाजेपर्यंत घ्याल?" एवढंच विचारा. गोळा करण्याची पद्धत आणि वेळ फॉर्मवर लिहा. थोडा नमुना आत गेल्याने एकूण प्रमाण कमी दिसतं, हे डॉक्टरांनी वाचताना लक्षात घ्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे खालच्या मर्यादा अशा: प्रमाण १.४ मिलिलिटर, संख्या दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के. एकदा कमी आलं म्हणून घाबरू नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे त्या काळातल्या तापाचाही परिणाम दिसतो. औषधं सुरू करण्याआधी काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.

पुढचा टप्पा गर्भनलिकांचा एक्स-रे, एचएसजी. पाळीच्या साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसात करतात. औषध आत सोडताना पोटात जोरात कळा येतात. अर्धा-एक तास आधी घ्यायची वेदनाशामक गोळी डॉक्टरांकडून विचारून घ्या आणि सोबत कुणाला तरी न्या. आम्हाला २०१७ साली साधारण चार हजार रुपये लागले. यात नेहमी होणारी गडबड अशी की कळेमुळे नलिकेचं तोंड आवळलं जातं आणि अहवालात 'गर्भाशयाजवळ नलिका बंद' असं येतं. प्रत्यक्षात नलिका उघडी असू शकते. हा अहवाल घेऊन कुणी थेट आयव्हीएफकडे पाठवत असेल तर दुर्बिणीतून खात्री करून घेता येईल का, हे विचारा. आणि आपल्या देशात गर्भनलिका खराब होण्यामागे क्षयरोग हे महत्त्वाचं कारण असल्यामुळे तीही तपासणी राहिली नाही ना, ते पाहा. क्षयाचे उपचार झाल्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नाही.

माझ्या बाबतीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत एंडोमेट्रिओसिस निघाला आणि त्याच वेळी तो काढला. खाजगी रुग्णालयात सगळं मिळून सत्तर हजारांच्या घरात बिल झालं. विमा कंपनीने वंध्यत्वाचा उपचार म्हणून दावा नाकारायला सुरुवात केली होती. डिस्चार्जच्या कागदावर 'एंडोमेट्रिओसिस आणि पोटदुखी' हे खरं निदान स्पष्ट लिहिलेलं होतं म्हणून तो पुढे मंजूर झाला. निदान नीट लिहून घ्या. त्यानंतर पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल, मग सोनोग्राफीने अंड्याची पिशवी मोजणं. ती १८ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान गेली की अंडं फुटायला आलेलं असतं. हे सारं कसोटीत बसणारं.

बसत नाही ते त्याच खोलीत, त्याच पॅकेजमध्ये पुढे येतं. आययूआय म्हणजे नमुना धुऊन नळीने गर्भाशयात सोडणं. क्लिनिकमध्ये जसं करतात, तसं ते मीलनाची जागा घेतं, म्हणून मान्य नाही. 'दोनुम विते' एवढंच म्हणतो की मीलनाला साह्य करणारं, त्याची जागा न घेणारं साधन असेल तर विचार वेगळा. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगून ठेवा की औषधं आणि सोनोग्राफी हवी, आययूआय नको. आम्ही ज्या क्लिनिकमध्ये जात होतो तिथे हे ऐकल्यावर "मग इथे येऊन काय उपयोग?" असं उत्तर मिळालं. आम्ही डॉक्टर बदलले. दुसऱ्या बाई ना कॅथलिक होत्या ना त्यांना ही शिकवण ठाऊक होती, पण त्यांनी आमची अट केसपेपरवर लिहून घेतली आणि त्यातच शक्य ते सगळं केलं.

२०१९ साली आयव्हीएफचा सल्ला आला. नाही म्हणणं तेव्हा सोपं नव्हतं. माहेरचे पैसे द्यायला तयार होते, ओळखीतल्या दोन कॅथलिक जोडप्यांनी केलेलं होतं. ख्रिस्तसभेचं कारण 'यंत्र नको, निसर्ग हवा' असं नाही. मूल हे आईबापांच्या परस्परांना दिलेल्या देहातून यावं, तंत्रज्ञाच्या टेबलावर निर्माण होऊ नये, कारण निर्माण केलेल्या गोष्टीची निवड होते, प्रतवारी होते, जास्तीची झाली तर ती बाजूला पडते. धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २३७८) म्हणतो की मूल हा कुणाचा हक्क नाही, ते दान आहे. हक्क असलाच तर मुलाचा आहे. मला हे पटलं ते प्रत्यक्ष संमतीपत्र वाचताना. प्रक्रिया सुरू होण्याआधीच त्यात विचारलेलं असतं: उरलेल्या भ्रूणांचं काय करायचं? गोठवायचे, संशोधनाला द्यायचे की नष्ट होऊ द्यायचे? २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात, मग ते नष्ट होऊ द्यायचे किंवा संमतीने संशोधनाला द्यायचे. आपल्या मुलांबद्दल अशा चौकटीत खूण करण्याची कल्पना आम्हाला करवेना.

दात्याचं बीज, दात्याचं अंडं आणि सरोगसी यांबद्दल शिकवण आणखी कडक आहे, कारण तिथे तिसरी व्यक्ती लग्नात येते. २०२१च्या सरोगसी कायद्याने भारतात व्यावसायिक सरोगसीला बंदी आहे, विनामोबदला सरोगसीला अटींवर परवानगी आहे. ख्रिस्तसभेला दोन्ही अमान्य; २०२४च्या 'दिग्नितास इन्फिनिता'मध्येही ते पुन्हा सांगितलं आहे. फक्त पतिपत्नीच्याच बीजांचं आयव्हीएफ त्या मानाने कमी दोषाचं मानलं, तरी अमान्यच.

ज्यांनी आयव्हीएफ केलं आहे त्यांच्यासाठी हे आवर्जून लिहिते. त्या मार्गाने आलेलं मूलही देवाच्या चांगुलपणाचं जिवंत दान म्हणूनच स्वीकारायचं, असं 'दोनुम विते' सांगतो. त्याच्या प्रतिष्ठेत तसूभरही कमी नाही. तशा मुलाला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) नाकारत नाहीत. आयव्हीएफ केल्याने कुणी आपोआप बहिष्कृत होत नाही. प्रायश्चित्त संस्काराचं (पापकबुलीचं) दार उघडं असतं. गोठवलेले भ्रूण शिल्लक असतील तर ते ओझं एकट्याने वाहू नका, फादरांशी बोला. तो प्रश्न खरोखर बिकट आहे आणि दस्तऐवजही ते मान्य करतात.

मग आम्ही थांबलो. कधी थांबायचं हे कुठल्याही दस्तऐवजात लिहिलेलं नाही. आम्ही आधीच ठरवलं होतं की एंडोमेट्रिओसिस परत वाढायला लागला की उपचार बंद. अशी एखादी रेघ सुरुवातीलाच, शांत असताना आखून ठेवा. दर महिन्याच्या पाळीच्या दिवशी तो निर्णय होत नाही.

थांबल्यानंतरचा काळ तपासण्यांच्या काळापेक्षा जड गेला. बारसं, पहिला ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन), नाताळच्या गोठ्याभोवतीची पोरं, मदर्स डेच्या मिस्सात उभ्या राहणाऱ्या आया. लोक चांगल्या मनाने सल्ले देतात: "बांद्र्याला मोत माउलीला मेणाचं बाळ वाहा." आम्हीही वाहिलं, आणि ती प्रार्थना खरी होती. पण 'तुमचा विश्वास कमी पडला' असं कुणी म्हणालं तर ते ख्रिस्तसभेचं म्हणणं नाही, हे निक्षून सांगा. धर्मशिक्षणग्रंथ या विषयाची सुरुवात उपदेशाने करत नाही. आपल्याला मूल नाही हे कळलेल्या जोडप्याचं दुःख मोठं असतं असं सांगतो आणि राहेलचा आक्रोश उद्धृत करतो: मला मुलं दे, नाहीतर मी मरेन. दुःखाला आधी जागा दिलेली आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६च्या 'अमोरिस लेतित्सिया'मध्येही (परिच्छेद १७८) हेच आहे आणि त्यापुढेच दत्तकाबद्दल.

दत्तक घेणं बंधनकारक नाही, हेही स्पष्ट असू दे. पोप योहान पॉल दुसरे यांनी १९८१ साली 'फामिलियारिस कोन्सोर्तियो'मध्ये दत्तकाबरोबर शिक्षणाचं काम, इतर कुटुंबांना मदत, गरीब आणि अपंग मुलांची सेवा हेही मार्ग सांगितले आहेत. आमच्या ओळखीचं एक जोडपं आदिवासी मुलींच्या वसतिगृहात शिकवतं. त्यांच्या लग्नाला फळ नाही असं म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही.

आम्ही २०२१च्या सुरुवातीला दत्तकासाठी नोंदणी केली. आधी एक कायदेशीर गोष्ट, कारण जुनी माणसं अजून सांगतात की ख्रिश्चनांना दत्तक घेता येत नाही. १९५६चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. ख्रिश्चनांना १८९०च्या कायद्याने फक्त पालक होता यायचं, तेही मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. बाल न्याय कायद्याने ते बदललं. हा कायदा सर्व धर्मीयांना खुला आहे हे सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी प्रकरणात १९ फेब्रुवारी २०१४ रोजी स्पष्ट केलं. आता २०१५चा बाल न्याय कायदा लागू आहे आणि कलम ६३प्रमाणे दत्तक मूल सर्व बाबतींत आपल्या पोटच्या मुलासारखंच ठरतं.

दुसरा जुना सल्ला: "मदर तेरेसांच्या सिस्टरांकडे जा." त्यांनी २०१५ साली दत्तकाचं काम बंद केलं. आज एकच दार आहे, 'कारा'चं, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेचं, ऑनलाइन पोर्टल. दवाखान्यातल्या ओळखीने, नर्सच्या मध्यस्थीने, "एका मुलीला नको आहे, तुम्ही घ्या" म्हणून मूल घेणं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पैसे देऊन घेतलं तर शिक्षा आणखी मोठी. कॅथलिक शाळा-दवाखान्यांच्या ओळखी पुष्कळ असतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

लग्नाला स्थिर अशी किमान दोन वर्षं हवीत आणि दोघांचीही संमती. नोंदणीसाठी दोघांचा फोटो, पॅन, जन्माचे दाखले, पत्त्याचा पुरावा, मागच्या वर्षाच्या उत्पन्नाचा पुरावा, गंभीर किंवा संसर्गजन्य आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, लग्नाचा दाखला आणि ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं लागतात. चर्चचा लग्नाचा दाखला आणि सरकारी नोंदणीचा दाखला यांत नावाचं स्पेलिंग वेगळं असणं ही आपल्याकडची नेहमीची रखडपट्टी. डिसोझा, डिसूझा, मधला अ‍ॅपॉस्ट्रॉफी, बायकोचं माहेरचं नाव. आधार, पॅन आणि दोन्ही दाखले समोर ठेवून आधीच जुळवून घ्या.

गृहभेटीसाठी ६ हजार रुपये भरायचे. समाजसेविका घरी येतात, दोघांशी एकत्र आणि वेगवेगळं बोलतात, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारतात. आयव्हीएफ का केलं नाही हा प्रश्न आला तर श्रद्धेचं खरं कारण सांगायला कचरू नका; त्यांना बघायचं असतं ते एवढंच की दोघांचं एकमत आहे का आणि पोटचं मूल न झाल्याचं दुःख वाहून झालं आहे का. सासूबाईंना आम्ही आधी कल्पना दिली होती, त्यामुळे त्यांनी मनातली भीती मोकळेपणाने बोलून दाखवली, आणि अहवालात ते चांगल्या अर्थाने आलं. अहवाल तीन वर्षं चालतो. लहान बाळासाठी प्रतीक्षा आता तीन वर्षांहून जास्त असते, त्यामुळे मुदत संपायच्या आत अहवाल नव्याने करून घ्यावा लागतो. पोर्टलवरच्या तारखेची आठवण कॅलेंडरमध्ये लावून ठेवा.

वयाचं गणित सगळ्यात जास्त जोडप्यांना अडवतं. २०२२च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोघांच्या वयांची बेरीज ८५च्या आत, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. आधीच्या नियमांत चार वर्षांपर्यंत ९० चालत होती. नियम बदलले तेव्हा रांगेतल्या पुष्कळांना मोठ्या मुलाचा विचार करावा लागला. म्हणून उपचार करता करताच बेरीज पाहत राहा. आयव्हीएफच्या उंबरठ्यावर ख्रिस्तसभा जे 'थांबा' म्हणते ते वेळेत ऐकलं तर हे दार उघडं सापडतं.

आमचा क्रमांक २०२४च्या अखेरीस आला. पोर्टलवर बाळाचा फोटो, अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दिसतो आणि ४८ तासांत 'राखून ठेवा' म्हणावं लागतं. तेवढ्या वेळात अहवाल वाचून देणारा बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. मग संस्थेत जाऊन बाळाला भेटायचं. संपूर्ण जुळणी ३० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. त्या वेळी संस्थेला ५० हजार रुपये. बाळ आधी पूर्वदत्तक संगोपनासाठी घरी येतं आणि आदेशासाठी अर्ज संस्था जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत करते. सप्टेंबर २०२२पासून हे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, अर्ज आल्यापासून दोन महिन्यांत द्यायचे असतात. संस्था ज्या जिल्ह्यात तिथले जिल्हाधिकारी, म्हणजे वसईच्या जोडप्याला पालघरलाच काम होईल असं नाही. बाळ दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर तिथे जावं लागतं. रजा राखून ठेवा.

आदेशानंतर आईवडील म्हणून आपली नावं असलेला जन्मदाखला निघतो. स्नानसंस्कार त्यानंतरच करावा असं आमच्या फादरांनी सांगितलं, आणि ते बरोबर आहे: संगोपनाच्या काळात बाळ कायद्याने अजून आपलं झालेलं नसतं. बाळ अत्यवस्थ असेल तर मात्र थांबायचं नाही. सापडलेल्या बाळाचा स्नानसंस्कार आधी झाला होता का हे संस्थेला विचारतात. चौकशी करूनही शंका उरली तर सशर्त शब्दांत संस्कार देतात. धर्ममाता-धर्मपिता निवडताना वय १६ पूर्ण, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि ख्रिस्तप्रसाद झालेला, हे नेहमीचेच नियम.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातल्या कलम ११०प्रमाणे, देशाच्या कायद्याने दत्तक घेतलेलं मूल ख्रिस्तसभेच्या दृष्टीनेही दत्तक घेणाऱ्यांचंच मूल असतं. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत कलम ८७७प्रमाणे दत्तक आईवडिलांची नावं येतात. जन्मदात्यांची नावं सरकारी नोंदीत असतील तरच त्यांचा प्रश्न येतो. दत्तक नात्यामुळे सरळ रेषेत आणि भावंडांत लग्न होऊ शकत नाही (कलम १०९४), म्हणून दत्तकाची गोष्ट घरात लपवून ठेवणं कुठल्याच बाजूने हिताचं नाही. संस्थेची सगळी कागदपत्रं मुलासाठी जपून ठेवा. मोठं झाल्यावर आपल्या मुळाची चौकशी करण्याचा त्याला अधिकार आहे.

आमच्या मुलीचा स्नानसंस्कार २०२५च्या पावसाळ्यात झाला. दत्तकानंतर तिला बघायला होणाऱ्या घरभेटींचे अहवाल दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं चालतात, प्रत्येकी २ हजार रुपये. आणि चर्चच्या ऑफिसात नोंदवहीवर सही करण्याआधी नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग नव्या जन्मदाखल्याशी ताडून पाहा. सापडलेल्या बाळांची जन्मतारीख अंदाजाने ठरवलेली असते आणि जुन्या कागदांवर वेगळी असू शकते. स्नानसंस्काराचा हाच दाखला पुढे पहिल्या ख्रिस्तप्रसादाला, दृढीकरणाला आणि तिच्या लग्नाला लागणार आहे, आणि तेव्हा दुरुस्ती करायची तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पुन्हा शोधून काढावा लागतो. आदेशाची एक प्रमाणित प्रत तिच्या नावाच्या फाइलमध्ये, जन्मदाखल्याबरोबरच ठेवा.